चाकांची खुर्ची आणि सहावी वही

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



या महोत्सवाच्या सप्ताहात आपण मंदिराच्या कपाटातील जुनी दप्तरे उघडून पाहिली. बाप्तिस्म्याच्या पहिल्या वहीची पाने पिवळी पडली आहेत, शाई कोठे कोठे उडाली आहे. तरी आपल्यापैकी कोणास आपल्या आजोबांचे नाव त्यात सापडले, कोणास आईचे सापडले, आणि ते वाचताना कित्येकांचे डोळे पाणावले हे मी स्वतः पाहिले. त्या वेळी माझ्या मनात विचार आला की, ख्रिस्तसभेने नोंदवहीस एवढे महत्त्व का बरे दिले असावे?

१५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाह व बाप्तिस्मा यांची नोंद ठेवण्याचा दंडक घालून दिला. पुढे १६१४ साली रोम येथे संस्कारविधीचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक धर्मगुरूने पाच वह्या ठेवाव्या असे सांगितले. बाप्तिस्म्याची एक, दृढीकरणाची दुसरी, विवाहाची तिसरी, मृतांची चौथी. आणि पाचवी वही म्हणजे आत्म्यांच्या स्थितीची. या पाचव्या वहीत धर्मगुरूने घरोघर जाऊन कोणत्या घरी कोण राहतो, त्याचे वय काय, त्यास कोणते संस्कार मिळाले आहेत, हे लिहावयाचे असे. हेतू एवढाच की, कळपातील एकही मेंढरू मेंढपाळाच्या नजरेतून निसटू नये. तेव्हा नोंद ही नुसती कारकुनी नव्हे. ती एका प्रकारची काळजी होय.

आज मी आपणांशी एका सहाव्या वहीविषयी बोलणार आहे. ती कोणत्याही परिषदेने सांगितलेली नाही. आपल्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील वृद्धाश्रमांत जे वृद्ध स्त्रीपुरुष चाकांच्या खुर्चीवर, म्हणजे जिला आपण सर्रास व्हीलचेअर म्हणतो तिच्यावर, दिवस काढीत आहेत, त्यांच्या नोंदीची ती वही. विषय ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु मला हा विषय एका वृद्ध बाईने शिकविला आहे, आणि तो शिकण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी सांगतो.

आपल्या मुलखाची स्थिती आपण जाणता. जावळी आणि पाटण खोऱ्यांतील तरुण कित्येक पिढ्यांपासून मुंबईस माथाडीचे काम करण्यास जात आले. खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतील मुलगे सोनेचांदी गाळण्याच्या गलाईच्या धंद्यापायी हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत पांगले. त्यांनी घरी पैसा पाठविला, गावात घरे बांधली, देवळे बांधली. परंतु म्हातारी माणसे मागे राहिली. पूर्वी भावकी सांभाळीत असे. आता भावकीही पांगली. म्हणून वृद्धाश्रम ही गोष्ट, जी आमच्या लहानपणी ऐकूनही ठाऊक नव्हती, ती आज तालुक्याच्या गावी दिसू लागली आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा जो कायदा झाला, त्यात राज्य सरकारने दर जिल्ह्यास किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम स्थापावा, असे लिहिले आहे. यावरून गरज केवढी आहे ते ध्यानी यावे.

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामाने वर्गणी जमवून अशाच एका आश्रमास चार चाकांच्या खुर्च्या दिल्या. त्या आश्रमाचे नाव मी घेत नाही; कारण दोष एकट्या त्याचा नव्हे, माझाही आहे. खुर्च्यांच्या पाठीवर दात्यांच्या दिवंगत आप्तांची नावे पांढऱ्या रंगाने लिहिली होती. मी त्यांवर पवित्र जल शिंपडले, प्रार्थना म्हटली, छायाचित्र निघाले, पेढे वाटले, आणि आपण सर्व जण मोठ्या समाधानाने घरी परतलो.

पुढे सुमारे दोन वर्षांनी मी तेथे पुन्हा गेलो. ओसरीवर आपल्याच एका खुर्चीत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पाय ठेवण्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक पट्टी नाहीशी झाली होती, म्हणून एक पाय लोंबत होता. चाकांत हवा नव्हती. बाई आपल्या धर्माच्या नव्हत्या. परंतु माझा पांढरा झगा पाहून त्यांनी हात जोडले. मी सहज विचारले, “आजी, बऱ्या आहात ना? खुर्चीने हिंडण्याफिरण्याची सोय झाली ना?” त्यांनी उत्तर दिले, “फादर, जो ढकलील तिकडं मी जातीया. कुठं जायचं त्ये मला कुणी इचारत न्हाई.”

हे शब्द माझ्या काळजात रुतले. चौकशी करता कळले की, खुर्च्या आल्यावर थोड्याच महिन्यांनी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. डॉक्टरांनी दीड महिना पायांवर भार देऊ नका, खुर्ची वापरा, असे सांगितले. दीड महिना उलटला, दोन वर्षे उलटली, तरी त्या खुर्चीतच होत्या. कारण दीड महिना कोणत्या दिवशी पुरा होतो हे कोणी कोठे लिहिलेच नव्हते. त्या वेळी सेवेस होती ती मुलगी काम सोडून गेली. नवी आली तिला वाटले, या आजी पहिल्यापासून अशाच. मी आश्रमाचे रजिस्टर पाहावयास मागितले. त्यात खुर्च्यांची नोंद होती. ती अशी: चाकांच्या खुर्च्या नग चार, आणि पुढे देणगी देणाऱ्यांचे नाव व तारीख. म्हणजे बंधूंनो, आपले नाव लिहिलेले होते, बसणारीचे नव्हते.

मिरजेहून एका व्यायामोपचार जाणणाऱ्या गृहस्थांस मी घेऊन गेलो. त्यांनी तपासून सांगितले की, गुडघे वाकलेल्या स्थितीत आखडून गेले आहेत, आता ते सरळ होणे नाही. दीड महिन्यानंतर लगेच उभे राहण्याचा सराव दिला असता तर बहुधा काठीच्या आधाराने चालत्या झाल्या असत्या. त्या दिवशी परत येताना मला वाट संपता संपेना.

यावरून कोणी असे समजू नये की, ही खुर्चीच वाईट. तसे मुळीच नाही. १६५५ साली जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ स्टीफन फार्फलर नामक पंगू घड्याळजीने स्वतःच्या हातांनी चालविता येईल अशी गाडी प्रथम स्वतःसाठीच तयार केली. १९३३ साली अमेरिकेत एव्हरेस्ट व जेनिंग्ज या दोघा अभियंत्यांनी घडी घालता येणारी खुर्ची काढली. त्यांपैकी एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघाताने पंगू झाले होते. ज्यास चालता येत नाही त्यानेच आपल्या मोकळेपणासाठी ही वस्तू घडविली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या जवळचीच उदाहरणे घ्या. सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात पेठ हे गाव आहे. तेथील मुरलीकांत पेटकर या जवानास १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आले. त्यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक सामन्यांत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, आणि २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक या बाईंस ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झाला. १९८४ साली त्यांनी अपंगांसाठी हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड ही संस्था उभी केली, व आपल्या आत्मचरित्रास ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले. आणि परमगुरुस्वामी फ्रान्सिस ५ मे २०२२ रोजी प्रथम चाकांच्या खुर्चीत बसून लोकांसमोर आले. तेथून २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी जाईपर्यंत त्यांनी ख्रिस्तसभेचा गाडा पुष्कळ अंशी त्याच खुर्चीत बसून हाकला. खुर्चीवर बसलेला मनुष्य म्हणजे उतरणीस लागलेला मनुष्य, ही समजूत या तिघांनी खोटी पाडली आहे.

मग एकाच वस्तूने एकास मोकळे केले आणि दुसरीस जखडून ठेविले, हे कसे? भेद वस्तूत नाही, वापरात आहे. आणि वापर कसा चालला आहे हे नोंदीवाचून कळत नाही.

शरीराचा धर्मच असा आहे की, जो अवयव वापरला जात नाही तो दुर्बळ होतो. म्हाताऱ्या मनुष्याने काही दिवस पाय हलविले नाहीत तर मांडीचे मांस उतरते. काही आठवडे गुडघे वाकलेलेच राहिले तर शिरा आखडतात. एकाच जागी तासन्‌तास बसल्याने माकडहाडाजवळील कातडीचे रक्त अडते, ती लाल होते, मग फाटते, आणि ती जखम पुष्कळदा जिवावर बेतते. खुर्ची बसणाऱ्याच्या अंगाहून रुंद असेल तर तो एका बाजूस कलतो. बैठक फार खोल असेल तर पुढे घसरतो. चाकांत हवा कमी असली की रोधक नीट धरीत नाहीत, आणि उठू लागलेली म्हातारी खुर्ची मागे सरकून पडते. या सर्व गोष्टी थोडक्या थोडक्याने घडतात, आणि थोडक्याने घडणारी गोष्ट रोजच्या डोळ्यांस दिसत नाही. ती दिसते मागच्या महिन्याचे पान उलटल्यावर.

परदेशांत हा अनुभव पूर्वीच आला. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहानसे खाजगी रुग्णालय समजतात. अमेरिकेत त्या शब्दाने अशक्त वृद्धांच्या कायम निवासाचे घर समजले जाते. तेथील अशा घरांतील हयगयीविषयी १९८६ साली विद्वानांच्या एका समितीने अहवाल दिला, व १९८७ साली कायदा झाला. त्या कायद्यान्वये प्रत्येक रहिवाशाची स्थिती ठरावीक नमुन्यात, आल्यापासून १४ दिवसांच्या आत व पुढे दर तीन महिन्यांस, लिहावी लागते. चाकांच्या खुर्चीविषयी त्या नमुन्यात विचारलेले प्रश्न पाहा. हा मनुष्य खुर्ची वापरतो काय? खुर्ची हाताने चालणारी की विजेवर? ती घेऊन तो ५० फूट जाऊन दोन वळणे घेऊ शकतो काय? मोकळ्या वाटेने १५० फूट जातो काय? आणि उत्तर नुसते होय किंवा नाही असे चालत नाही. स्वतः करतो, मांडणी करून दिल्यावर करतो, कोणी जवळ उभे राहिल्यास करतो, थोड्या मदतीने करतो, पुष्कळ मदतीने करतो, मुळीच करीत नाही, अशा सहा पायऱ्या आहेत. त्याच नमुन्यात दुसरीकडे असेही विचारले आहे की, ज्यातून उठता येऊ नये अशा खुर्चीत मनुष्यास बसवून ठेविले आहे काय? तशी खुर्ची तेथे बंधनांत मोजतात. मला हे वाचून आपल्या आजींची आठवण झाली. कोणी त्यांस दोरीने बांधले नव्हते. तथापि त्या बांधलेल्याच होत्या.

तो सारा नमुना आपण येथे आणावा असे मी म्हणत नाही. तो मोठा आहे, आणि आपल्या आश्रमांत लिहिणारे हात थोडे आहेत. परंतु त्यातील सार एका पानावर मावते. प्रत्येक आश्रमवासीयास एक पान असावे, व त्यावर इतकेच लिहावे.

प्रथम, खुर्ची कोणत्या दिवसापासून, कोणत्या कारणाने, आणि कोणाच्या सांगण्यावरून दिली. व थोड्या मुदतीसाठी असेल तर ती मुदत कोणत्या तारखेस संपते. दुसरे, स्वतः चाके फिरविता येतात काय, व किती दूर. खाटेपासून दारापर्यंत, की दारापासून अंगणापर्यंत. तिसरे, उभे राहता येते काय, आधाराने चार पावले टाकता येतात काय. येत असतील तर रोज टाकविली जातात काय. चौथे, दिवसातून किती वेळ बसणे होते, मधून मधून भार हलविला जातो काय, आणि कातडीवर कोठे लाली आहे काय. पाचवे, खुर्ची अंगास बेताची आहे काय; गुडघ्याच्या मागे व बैठकीच्या कडेत दोन बोटांचे अंतर राहते काय, पाय पट्ट्यांवर टेकतात काय, रोधक धरतात काय, हवा आहे काय. आणि सहावे, जे कोणत्याही सरकारी नमुन्याहून मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, त्या मनुष्यास कोठे जावयाचे आहे.

या वहीचा उपयोग संकटकाळीही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले. त्या दिवसांत ज्यांनी नावांतून माणसे काढली त्यांना विचारा. ते सांगतील की, अंधारात पहिला प्रश्न असतो तो हा की, आत चालू न शकणारे किती, आणि ते कोणत्या खोलीत. ज्या घरी हे लिहिलेले असते तेथील माणसे प्रथम बाहेर निघतात.

कोणी म्हणेल, फादर, सेवा ही प्रीतीची गोष्ट. तिला वही कशास हवी? जमाखर्च दुकानदाराने ठेवावा. आक्षेप खरा वाटतो. मलाही एके काळी तसेच वाटे. परंतु सेवा करणारी मुलगी पाळी संपून घरी जाते, धर्मगुरूची बदली होते, दात्याचा उत्साह ओसरतो; खुर्चीत बसलेली म्हातारी मात्र तेथेच असते. आपली प्रीती तिच्याजवळ रात्रंदिवस बसू शकत नाही. तिच्या ठिकाणी ते पान राहते. लिहिणाऱ्या हाताने खोटे लिहिले किंवा न पाहता लिहिले, तर वही व्यर्थ होय, हेही मी जाणून आहे. म्हणून वही लिहिणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी त्या मनुष्यासमोर बसून, त्यास विचारून लिहावे. शिवाय ते पान भिंतीवर टांगण्याचे नव्हे. आजाऱ्याच्या देहाची गोष्ट ही त्याची स्वतःची आहे. ती जपून ठेवावी.

बेथेस्दाच्या तळ्याकाठचा तो रोगी आपणांस आठवत असेल. अडतीस वर्षे तो आजारी होता. प्रभू येशूने त्यास बरे करण्याआधी प्रश्न केला: बरे व्हावे अशी त्याची इच्छा आहे काय? सर्वज्ञ प्रभूस उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. तरी त्याने विचारले. आणि त्या मनुष्याने प्रथम काय सांगितले? आपणांस पाण्यात उतरविणारे कोणी नाही, हे. अडतीस वर्षांत त्यास कोणी विचारलेच नव्हते असे दिसते. तसेच पुनरुत्थित प्रभूने संत पेत्रास सांगितले की, तो म्हातारा होईल तेव्हा दुसरा त्याची कंबर बांधील व त्याची इच्छा नसेल तेथे त्यास नेईल. ते पेत्राच्या रक्तसाक्षीविषयी होते. परंतु प्रत्येक खुर्ची ढकलणाऱ्याने ते ध्यानी धरावे. कारण आपल्या हाती त्या मुठी आल्या म्हणजे दुसऱ्याची इच्छाही आपल्या हाती येते.

संत जान जुगान यांचे चरित्र आपण ऐकले आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये सेंट सर्व्हान येथे एका अंध व पंगू वृद्धेस त्यांनी आपल्या घरी आणले व स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातूनच ‘गरिबांच्या लहान भगिनी’ हा संघ जन्मास आला, जो १८८२ साली कलकत्त्यास येऊन हिंदुस्थानातही वृद्धांची सेवा करू लागला. २००९ साली जान जुगान यांस संतपद मिळाले. त्यांनी खुर्ची दान केली नाही, जागा दिली. आपण वस्तू देतो व निघून येतो. वस्तू तर आज इतर मार्गांनीही मिळू शकतात. २०१७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय वयोश्री योजना काढून गरीब वृद्धांस काठ्या, कुबड्या व चाकांच्या खुर्च्या देण्यास आरंभ केला, व २०२४ साली महाराष्ट्र सरकारने ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांस अशा साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची योजना काढली. खुर्ची मिळविणे हे आता पूर्वीइतके अवघड राहिले नाही. अवघड आहे ते तिच्याजवळ पुन्हा जाणे.

म्हणून या महोत्सवाची माझी विनंती ऐका. यंदा आपण नव्या खुर्च्या देणार नाही. आपल्या धर्मग्रामातील जे दहाबारा स्त्रीपुरुष वेळ देऊ शकतील, त्यांनी महिन्यातील एक रविवार आश्रमास द्यावा. आश्रमाच्या चालकांची संमती घेऊन प्रत्येकासमोर बसावे, व ते एक पान लिहिण्यास सेविकांना हात द्यावा. सोबत हवा भरण्याचा पंप व दोन पाने घ्यावे. कित्येक खुर्च्यांस एवढ्यानेच नवा जन्म मिळेल. आणि जाता जाता आपल्याच दाराकडे पाहा. मंदिराच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंची होते. फुटास बारा फूट लांबी या मापाने अठरा फुटांची उतरण बांधली पाहिजे. पन्नास वर्षे आपण त्या तीन पायऱ्या मोजल्या नाहीत. त्या पहिल्या पानावर लिहू.

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगून मी आपले भाषण संपवितो. गुडघे सरळ झाले नाहीत. परंतु त्यांचे पान लिहिताना आम्ही विचारले, आजी, तुम्हांला कोठे जावयाचे असते? त्यांनी पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, सांजच्याला फाटकापाशी न्या. संध्याकाळी पाच वाजता तेथून आटपाडीकडील एस.टी. जाते. मुलगा गलाईच्या कामास दूर गेलेला. त्या गाडीने कधी तरी उतरेल असे त्यांस वाटे. चाकांत हवा भरली, पट्टी बसविली. आणि थोड्याच दिवसांत ओसरीपासून फाटकापर्यंतची सपाट वाट त्या स्वतःच्या हातांनी चाके फिरवून जाऊ लागल्या. मुलगा एकदा आला, दुसऱ्यांदा आला नाही. गतवर्षी त्या वारल्या. त्यांच्या पानावर सेविकेच्या हातची शेवटची ओळ अशी आहे: सायंकाळी पाच, फाटकापाशी, स्वतः गेल्या.

आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत आपली नावे आहेत, ती कोणी तरी काळजीने लिहिली म्हणून. तीच काळजी आता आपण दुसऱ्यांसाठी करावी. प्रभू आपणां सर्वांस त्यासाठी पाय देवो, डोळे देवो, आणि विचारण्याची बुद्धी देवो. आमेन.